रिव्हरवर आपणच आधी बेट करायची की चेक? दर शनिवारी अडणारी जागा

पोकरचा डाव. टेबलावरचं पाचवं आणि शेवटचं पान, म्हणजे रिव्हर, उलटलं आणि माझा फ्लश लागला, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं जुळली. हातात बदामची दश्शी-नव्वी. टेबलावर इस्पिकचा राजा, बदामची सत्ती, बदामची चव्वी, किलवरची दुर्री, आणि आता रिव्हरला बदामची तिर्री. बोलायची पाळी आधी माझी. फ्लॉपला (टेबलावरची पहिली तीन पानं) आणि टर्नला (चौथं पान) भाऊजींनी बेट केली होती, म्हणजे चिप्स लावल्या होत्या; मी दोन्ही वेळा नुसता कॉल देत, म्हणजे तेवढ्याच चिप्स घालत आलो होतो. म्हटलं, तिसऱ्यांदाही मारतील, मग रेज करून, म्हणजे त्यांच्याहून जास्त लावून, सगळं एकदम वसूल करू. चेहरा शक्य तितका पाडला आणि दोन बोटं टेबलावर टेकवली, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. चेक.

भाऊजींनी त्या तिर्रीकडे पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि तेही म्हणाले, "चेक." पानं उघडली. त्यांच्याकडे राजाची जोडी, सोबत राणी. पॉट, म्हणजे मध्ये जमलेला चिप्सचा ढीग, मला मिळाला, पण जेवढा टर्नला होता तेवढाच. वर भाऊजींचं मीठ: "अरे, हजार-बाराशे लावले असतेस तर मी बघितलंच असतं की!"

आमच्या बैठकीत पैसे नसतात. प्रत्येकाला दहा हजारांच्या चिप्स वाटायच्या, आणि रात्री ज्याच्यापुढे सगळ्यात कमी उरतील त्यानं रविवारी सगळ्यांना पोहे करून घालायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, आणि ॲपवर खेळणारे दोघे-तिघे आमच्या टेबलाला येऊन चिकटले. खेळाची पातळी वाढली. माझे पोहेही फार सुधारले.

तर तक्रार ही. टर्नला आपण कॉल केलेला आहे, रिव्हरचं पान पडलंय, आधी बोलायचंय आपल्याला. हात चांगला असेल तर सापळा लावून चेक करतो आणि समोरचा सापळ्याला वळसा घालून निघून जातो. हे दोनदा झालं की चिडून पुढच्या डावात मधल्याच हातानं बेट मारतो, समोरून रेज येते, आणि मग डोकं खाजवत बसतो. वरवर ही दोन वेगळी दुखणी वाटतात. माझ्या वहीतले डाव पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझं मत झालं की मूळ एकच आहे. शेवटचं पान बघून आपण विचारतो, "माझा हात किती भारी?" विचारायला हवं ते हे: "मी चेक केलं, तर समोरचा बेट करेल का?"

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण मीही महिनाभर हे एकत्र कालवत होतो. टर्नला दोघांनीही चेक केलं असेल आणि मग रिव्हरला तुम्ही बेट केली, तर ती साधी बेट आहे. समोरच्यानं स्वतःहून सांगितलंय की त्याच्याकडे फारसं काही नाही. तिथे पुढाकार घ्यायला काहीच हरकत नाही, उलट बहुतेकदा घ्यावाच. आपली अडचण त्या डावांची, ज्यात टर्नला त्यानं बेट केली, आपण कॉल केली, आणि आता त्याच्या तोंडचा घास काढून आपणच आधी बेट करायची की नाही हा प्रश्न आहे. इंग्रजीत या बेटीला डाँक बेट म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत गाढवाची बेट. आजीच्या मेंढीकोटात पहिलं पान टाकण्याला उतारी म्हणत आणि उतारीला मान असे. पोकरमध्ये त्याच कामाला गाढवाचं नाव मिळालं.

नाव असं पडलं त्याला कारण आहे. नवशिक्याला सगळे पहिल्यांदा हेच शिकवतात की ज्यानं मागच्या फेरीत बेट केली त्याच्याकडे चेक करायचं. फ्लॉपला हा नियम बहुतेक वेळा बरोबरही आहे: त्याच्याकडे मोठ्या जोड्या जास्त, तो तसाही बेट करणार, त्याला करू द्या. गडबड एवढीच की फ्लॉपची सवय आपण रिव्हरपर्यंत ओढत नेतो. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या नोम ब्राउन आणि तुओमास सॅन्डहोम यांनी फेसबुकच्या साथीनं केलेल्या प्लुरिबस या प्रोग्रॅमनं सहा जणांच्या टेबलावर कसलेल्या व्यावसायिकांना हरवलं. 'सायन्स' नियतकालिकातल्या त्यांच्या लेखात एक निरीक्षण आहे: आधीच्या फेरीत नुसता कॉल करून पुढच्या फेरीची सुरुवात बेटीनं करणं, ही गोष्ट प्लुरिबस व्यावसायिक माणसांपेक्षा कितीतरी जास्त वेळा करतो. त्यानं ही खेळी माणसांचे डाव पाहून उचललेली नव्हती. तो स्वतःशीच खेळून शिकला होता. हे मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "ते यंत्र आहे. तू कोण?"

बरोबर आहे. म्हणून हिशोब करू.

तोच डाव घ्या. रिव्हरला पॉट २१५०. भाऊजींकडे राजाची जोडी किंवा तिच्या आसपासचं काहीतरी. मी १२०० लावले तर दहापैकी सहा वेळा ते कॉल करतील असं धरू. त्यांच्या तोंडचं वाक्य ऐकता हा अंदाज कमीच आहे. सरासरी कमाई झाली ७२०. आता चेकचा रस्ता. टेबलावर तिसरं बदाम पडल्यावर राजाची जोडी घेऊन ते पुन्हा बेट करण्याची शक्यता किती? फार तर दहापैकी दोन. केली तर समजा १२०० ची. मी ३६०० वर नेणार. तिनातून दोनदा ते सोडून देतील, एकदा कॉल करतील. म्हणजे ते बेट करतात तेव्हा मला दोनदा १२०० आणि एकदा ३६००, सरासरी २०००. ऐकायला छान. पण तशी वेळ पाचात एकदाच येणार, त्यामुळे हातात पडतात ४००. म्हणजे सरळ बेट ७२० आणि सापळा ४००. त्यांच्याकडे माझ्याहून मोठा फ्लश असण्याची शक्यता इथे बाजूला ठेवली आहे. तो दोन्ही रस्त्यांवर मला मारतोच, आणि रेजच्या रस्त्यावर जास्त मारतो.

याच आकड्यांतून उलटही काढता येतं. सापळा फायद्याचा ठरायला भाऊजींनी किती वेळा बेट करायला हवी? ७२० ला २००० नं भागा: शंभरात ३६ वेळा. त्याहून कमी वेळा बेट करणाऱ्या माणसासमोर चेक करणं म्हणजे आपल्याच ताटातलं उचलून परत वाढणं. हा ३६ चा आकडा पाठ करू नका, तो या डावाचा आहे. पण एकदा कागदावर केलं की अंदाज बसतो: ज्याचा हात मधला आहे आणि ज्याला शेवटच्या पानाची भीती वाटली आहे, असा माणूस तिनातून एकदाही बेट करत नाही. तो चेक करतो, सुटकेचा श्वास टाकतो आणि पानं उघडतो.

त्याउलट आमच्याकडे ॲपवरून आलेला एक शेजारी आहे. फ्लॉपला बेट केली की टर्नला करणार, टर्नला केली की रिव्हरला करणार; पान कुठलंही येवो, चहा येवो, वीज जावो. त्याच्यासमोर मी फ्लश घेऊन आधी बेट केली तर तो मूर्खपणाच. त्याला मारू द्यायचं. म्हणून नुसत्या आपल्या हातावरून उत्तर निघत नाही. तोच फ्लश, तेच पान. भाऊजींसमोर बेट, शेजाऱ्यासमोर चेक.

कोणतं पान कोणाचं?

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. टर्नला बेट करणाऱ्याकडे काय काय असू शकतं आणि कॉल करणाऱ्याकडे काय काय असू शकतं, या दोन पोतड्यांना रेंज म्हणतात. बटनवरून, म्हणजे शेवटी बोलायच्या जागेवरून, आधी रेज करून दोन बेटी मारणाऱ्याच्या पोतडीत मोठ्या जोड्या, राजा-राणी, एक्का-राजा, आणि थोडा ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना मारलेली बेट. बिग ब्लाइंडमधून, म्हणजे पानं बघायच्या आधीच सक्तीची बेट लावायच्या जागेवरून, दोन वेळा कॉल देत आलेल्याच्या पोतडीत मधल्या जोड्या आणि अपुरे फ्लश-स्ट्रेट (स्ट्रेट म्हणजे ओळीनं पाच पानं). आता शेवटचं पान पडलं की बघायचं: कोणत्या पोतडीला जास्त पोषण मिळालं?

फ्लॉपला दोन बदामं होती आणि रिव्हरला तिसरं आलं, किंवा ७-८ च्या आसपास फिरणाऱ्या पानांना जोडणारी छक्की-नव्वी आली, तर कॉल करणाऱ्याचे अपुरे हात पुरे होतात. बेट करणाऱ्याच्या एक्क्यांच्या जोडीला त्या पानानं काहीच दिलं नाही, फक्त घाबरवलं. अशा पानावर तो चेक करणार हे जवळजवळ ठरलेलं, म्हणून बेट आपण करायची.

दुसरं पान सहज निसटतं. समजा फ्लॉप राजा-अठ्ठी-चव्वी, टर्न काहीतरी फुटकळ, आणि रिव्हरला पुन्हा अठ्ठी. कोणाकडे तिसरी अठ्ठी असण्याची शक्यता जास्त? मधली जोडी घेऊन आपण दोन कॉल सहज देतो: एक्का-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती. पण समोरच्याकडे मधली जोडी असती तर टर्नला तो बहुधा थांबला असता, दुसऱ्यांदा बेट केलीच नसती. म्हणजे त्याच्या पोतडीतल्या अठ्ठ्या टर्नलाच गळून गेल्या, आपल्या तशाच आहेत. मधल्या पानाची जोडी लागणारा रिव्हर म्हणजे उतारीसाठी हक्काची जागा. मी हे पान वर्षभर नुसतं वाया घालवलं.

आणि एक्का आला तर? हात मागे. एक्का त्याचा. एक्का-राणी, एक्का-गुलाम घेऊन दोन बेटी मारत आलेला माणूस त्या एक्क्यावर खुशीनं तिसरी मारतो. त्याला मारायची इच्छा आहे तर आपण मध्ये कशाला तोंड घालायचं? कुठल्यातरी भलत्या रंगाची दुर्री पडली, काहीच बदललं नाही, तरीही चेक. टर्नला जो पुढे होता तोच अजून पुढे आहे, आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

मामा आणि पाव पॉटची बेट

आता दुसरं दुखणं, मधल्या हाताचं. मामांचा स्वभाव असा की रिव्हरला मोठी बेट लावली की त्यांच्याकडे असतंच. नसेल तर ते शांतपणे चेक करतात. पण छोटी बेट समोर आली की त्यांना राहवत नाही: "एवढ्याशासाठी काय सोडायचं?"

डाव असा. माझ्याकडे बदामची राणी-दश्शी. टेबलावर इस्पिकची राणी, इस्पिकची नव्वी, चौकटची पंजी, टर्नला किलवरची तिर्री, रिव्हरला इस्पिकची दुर्री. दोन कॉल देऊन पॉट १८००. मी चेक केलं तर काय होईल? मामांकडे गुलामांची जोडी असेल, दश्श्यांची असेल, नव्वी असेल, तर तेही चेक करतील आणि मला एक चिपही जास्त मिळणार नाही. फ्लश असेल तर ते १३०० लावतील. त्या बेटीला कॉल द्यायला मला साधारण ३० टक्के वेळा जिंकायला हवं (१३०० भागिले ४४००). मामांसमोर ते होणार नाही हे डोक्याला कळतं, पण "बघूया तर" म्हणून हात चिप्सकडे जातोच. थोडक्यात, चेक केल्यावर कमकुवत हातांकडून काही मिळत नाही आणि भारी हाताला मात्र पूर्ण बिल भरावं लागतं.

म्हणून मी ४५० लावले, पॉटचा चौथा भाग. या बेटीला कॉल द्यायला मामांना सहात एकदा जिंकलं तरी पुरतं, आणि त्यांना ते स्वस्त वाटतं. गुलामांची जोडी कॉल करते, नव्वीसुद्धा नाक मुरडत कॉल करते. फ्लश असेल तर ते रेज करतात, मी पानं टाकून देतो, आणि १३०० च्या जागी ४५० त भागतं. या छोट्या उतारीला ब्लॉक बेट म्हणतात. समोरच्याची मोठी बेट यायच्या आधी आपणच दरवाजा थोडासा लावून घ्यायचा.

ही युक्ती कळली की माणूस ती जिथे तिथे वापरत सुटतो. मी सुटलो होतो. शेजाऱ्यासमोर ब्लॉक बेट लावणं चूक, कारण चेक केल्यावर तो भरपूर ब्लफ करतो आणि ते ब्लफ पकडण्यातच आपली कमाई आहे. शिवाय माझी छोटी बेट दिसली की "दादाकडे काही नाहीये" हे त्यानं दोन आठवड्यांत ओळखलं आणि काहीही हातात नसताना रेज करायला लागला. त्यावर इलाज एकच: अधूनमधून सगळ्यात भारी हातानंही तेवढीच छोटी बेट लावायची. पाव पॉट म्हणजे मधला हात आणि अर्धा पॉट म्हणजे फ्लश, अशी पाटीच आपण कपाळावर लावून बसलो तर रेंज-बिंज सगळं व्यर्थ.

काहीच नसताना

रिव्हरला ब्लफ म्हणून आधी बेट करायची असेल तर माझी स्वतःची सगळ्यात महागडी चूक ऐका. हातात बदामची राणी-गुलाम. फ्लॉप इस्पिकची दश्शी, इस्पिकची नव्वी, चौकटची तिर्री. राजा किंवा अठ्ठी आली की स्ट्रेट. टर्नला किलवरची पंजी, रिव्हरला चौकटची दुर्री. काहीच लागलं नाही. पॉट १५००. वाटलं, चेक केलं तर हरलोच आहे, म्हणून १००० लावले. गणितानं ही बेट शंभरात ४० वेळा चालली तरी पुरते (१००० भागिले २५००). भाऊजींनी दश्शीच्या जोडीवर जवळजवळ लगेच कॉल दिला आणि मग कारणही सांगितलं, तेही पानं पिसता पिसता:

"तुझी स्ट्रेट लागली असती तर कुठलं पान आलं असतं? राजा नाही, अठ्ठी नाही. इस्पिकही नाही आलं. दोन जोड्या असत्या तर तू टर्नलाच रेज केली असतीस, तुला धीर कुठला? मग तुझ्याकडे आहे काय?"

ब्लफवरचं एवढं चांगलं शिकवणं मला आजवर कोणाकडून मिळालं नाही. भलत्या दुर्रीवर मी खरा हात घेऊन कधीच आधी बेट करत नाही, मग खोटा हात घेऊन केली तर ती गोष्ट कोण ऐकणार? ब्लफ त्याच पानावर करायचा ज्या पानावर खरा हातही आपण आधी लावला असता: तिसरं इस्पिक, जोडणारी छक्की, मधली जोडी. आणि त्यातही हातात काय धरून करायचा हे बघायचं. टेबलावर तीन इस्पिकं असतील तर उरलेल्या दहा इस्पिकांतून समोरच्याच्या फ्लशच्या ४५ जोड्या होऊ शकतात. माझ्या हातात इस्पिकचा एकटा एक्का असेल तर उरतात नऊ इस्पिकं आणि ३६ जोड्या. नऊ जोड्या मी नुसत्या धरून ठेवल्यानं कमी झाल्या, आणि त्या सगळ्या एक्क्याच्या, म्हणजे कधीच पानं न टाकणाऱ्या. लोक अशा वेळी एक्का हातात आहे म्हणून कॉल करत बसतात. तो बेट करायला जास्त कामाचा.

प्रमाणही सांगतो, कारण ते मोजता येतं. अर्ध्या पॉटची बेट असेल तर तीन खऱ्या हातांना एक खोटा, पूर्ण पॉटची असेल तर दोनाला एक. बेट जेवढी मोठी तेवढी खोट्याला जागा जास्त. आमच्या टेबलावर मात्र मी याहून कमीच ब्लफ करतो. भाऊजी पॉटमध्ये हजार टाकून झाल्यावर राजाची जोडी सोडतील असं अजून घडलेलं नाही.

बेट केली आणि रेज आली तर

पहिल्या डावात १२०० लावले असते आणि भाऊजींनी ४००० वर नेलं असतं, तर? मला आणखी २८०० घालायचे, एकूण पॉट होणार १०१५०. म्हणजे सुमारे २८ टक्के वेळा मी जिंकत असलो तर कॉल बरोबर. हातात दश्शीचा फ्लश. त्याहून मोठे फ्लश गुलाम, राणी, राजा, एक्क्याचे. आणि घरगुती टेबलावर रिव्हरची रेज म्हणजे बहुतेक वेळा एक्काच. मामा असतील तर पानं खाली, चर्चा नाही. शेजारी असेल तर कॉल. भाऊजी असतील तर चष्मा कपाळावर आहे की नाकावर ते बघतो, हे गंमतीनं लिहीत नाही.

महत्त्वाचं हे की हा निर्णय बेट करायच्या आधी घ्यायचा. "रेज आली तर मी काय करणार?" याचं उत्तर नसेल तर बेटच करू नका. रेज आल्यावर घेतलेले माझे निर्णय वहीत लाल शाईत आहेत.

तीन-चार जण पॉटमध्ये असतील तर थोडं वेगळं. टर्नला बेट करणारा तुमच्या लगेच डावीकडे असेल तर चेक करण्यात मजा आहे: त्यानं मारली की मधले सगळे आधी बोलतील आणि तुम्ही शेवटी. तो शेवटी बसला असेल तर सगळेच चेक करून मोकळे होण्याची भीती जास्त. आणि समोरच्याच्या चिप्स पॉटपेक्षा कमी उरल्या असतील तर छोट्या-मोठ्या बेटींचा हा सगळा खल कमी कामाचा, सरळ सगळं आत घालायचं की नाही एवढंच उरतं.

एक शारीरिक दुरुस्ती राहिली. माझा फ्लश लागला की रिव्हरचं पान पुरतं उलटायच्या आधी माझा उजवा हात चिप्सवर गेलेला असतो. हे मला वहिनींनी सांगितलं, त्या खेळत नाहीत, बाजूला बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत असतात. तेव्हापासून पान उलटताना मी पानाकडे बघतच नाही, भाऊजींकडे बघतो. पान कुठे पळून जात नाही. त्यांच्या डोळ्यांत ते पान आवडलं की नावडलं हे पहिल्या सेकंदाला दिसतं, आणि मूळ प्रश्नाचं, म्हणजे मी चेक केलं तर हे बेट करतील का, याचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

वहीत चार रकाने आखलेत: रिव्हरचं पान, ते कोणाचं, मी काय केलं, आणि चेक केलं असेल तर समोरच्यानं बेट केली का. शेवटच्या रकान्याचं पहिलं पान भरलं तेव्हा खाली उतरत्या ओळीत "चेक, चेक, चेक" एवढंच दिसत होतं, मध्ये कुठेतरी शेजाऱ्याची एखादी बेट. माझे सगळे सापळे त्या एका रकान्यात वारलेले आहेत.

गेल्या शनिवारी राजा-अठ्ठी-चव्वीवर रिव्हरला अठ्ठी आली. माझ्याकडे एक्का-अठ्ठी. पॉटचा अर्धा भाग लावला. मामा म्हणाले, "हे काय नवीन? आता तू आधी?" आणि राजाची जोडी दाखवत कॉल दिला. चिप्स ओढून घेताना भाऊजींचं लक्ष होतं, मला ते आवडलं नाही. पुढच्याच तासात माझ्या एका पाव पॉटच्या बेटीवर त्यांनी पहिल्यांदा रेज केली, मी सोडून दिलं, आणि त्यांनी हसत हसत सत्ती-दुर्री उलटी करून दाखवली. आता छोट्या बेटीच्या पोतडीत थोडे दगड भरायला लागणार. भाऊजी नेटवर फक्त हवामान आणि क्रिकेट बघतात, म्हणून हे इथे लिहायला हरकत नाही.